रेनोच्या हरणाची मान

गाडी थांबली आणि रेनोच्या आधी त्याचा आवाज माझ्या जनावरांत पेंढा भरायच्या कारखान्यात शिरला. "हेल्मी, बघ काय आणलंय!"

मागून त्याची बायको आयली आली, त्याचा दंड धरून. रेनोला समोरचं माणूस म्हणजे नुसता डाग दिसतो. पुढच्या हिवाळ्यापर्यंत तेवढंही दिसणार नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलंय. नेम कसा लागला, देव जाणे. पण हे त्याचं शेवटचं हरीण.

"मानेसकट मुंडकं भिंतीवर लावायचंय," तो म्हणाला. "दिसलं नाही तरी मानेवरून हात फिरवीन. तारेत अडकल्याचा जुना व्रण आहे बघ. किती वर्षं मला हुलकावणी देत होता लेकाचा!"

"मारलंस कधी?"

"शनिवारी."

आज मंगळवार. एरवी नोव्हेंबरात इथे गुडघाभर बर्फ असतो, यंदा मेलं ऊन पडलं होतं.

"आणि सोललंस कधी?"

"आज सकाळी. आधी दाखवायला नको?"

आमच्याकडची रीतच ती. हरीण गाडीत मागे टाकायचं आणि बारपासून चर्चपर्यंत गावभर मिरवायचं.

"आणि रात्री कुठे ठेवलंस?"

"गॅरेजात. ताडपत्रीत गुंडाळून, शेगडी लावून. मागच्या वर्षीच्या हरणाचा कान गोठून मोडला होता ना."

मी कपाळावर हात मारला. अरे मेल्या, कातडं गार ठेवायचं, लगेच सोलायचं, चरबी खरवडून मीठ चोळायचं! एकदा आतून कुजायला लागलं की केसांची मुळं सुटतात. मग देव आला तरी ती धरून ठेवत नाही.

टेबलावरच्या कातड्याच्या गालावरचे केस चिमटीत धरून हलकेच ओढले. ते हातातच आले. मी पसापसा मीठ ओतलं. उपयोग नाही हे माहीत होतं, तरी ओतत राहिले. रागही येत होता आणि रडूही.

आयलीनं मला कोपऱ्यात ओढलं. "दुसऱ्या हरणाचं कातडं चढव गं. त्याला कुठे दिसतंय?"

"बोटं आहेत त्याला, आयली. व्रण कुठून आणू मी?"

"काय कुजबुजताय दोघी?" म्हणत रेनो चाचपडत टेबलाशी आला आणि त्यानं मानेवर हात ठेवला. मी 'थांब' म्हणेपर्यंत तो फिरलाही होता. व्रणाच्या कडेनं बोटं गेली तशी मागे उघडी कातडी दिसायला लागली. हात थबकला. त्यानं सुटून आलेल्या केसांवर मूठ मिटली.

"यंदा केस दाट आहेत ना गं?"

"आहेत," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

"मग बनव."

पायऱ्या उतरताना आयली ओरडली, "कठडा धर, पडशील!" त्यानं धरला नाही. तो हात कोटाच्या खिशात होता, आणि त्याची मूठ तो उघडत नव्हता.