तिकटीतली दुधाची कॅन

मी एक जुनी दुधाची कॅन आहे. अंग अ‍ॅल्युमिनियमचं, दोन बाजूंना दोन कान आणि गळ्याशी साखळीनं बांधलेलं झाकण. मित्रांनो, आज माझ्याकडे पाहिलंत तर तुम्हाला वाटेल, हिला भंगारात कुणी घेतलं नाही हेच नवल. पोटाला पोचे आहेत आणि एक कान वाकडा आहे. तरीही तुमच्या शाळेच्या मंचावर मला मधोमध ठेवलं आहे. ते का, हे सांगायचं तर थोडं मागं जावं लागेल.

एका मोठ्या कारखान्यात पत्र्याच्या चकतीला दाबून दाबून मला आकार दिला गेला. तिथून मी आणि माझ्या बहिणी ट्रकमधून घाटनांदूरजवळच्या एका गावी, तिथल्या सहकारी दूध संस्थेत आलो. पेंटरनं लाल रंगात संस्थेचं नाव लिहायला घेतलं. नाव इतकं लांबलचक होतं की पुढची जागा संपली आणि 'मर्यादित' हा शेवटचा शब्द माझ्या पाठीवर गेला. गावातली माणसं बरेच दिवस मला 'मर्यादित' म्हणूनच ओळखायची.

सकाळी उजाडताच बायामाणसं किटल्या घेऊन रांगेत उभी राहायची. दूध मापून माझ्यात ओतायचं काम भारतकडे होतं. भारत तसा अबोल तरुण. मी किती भरले हे तो झाकण उघडून कधी पाहायचा नाही. बोटाच्या पेरानं माझ्या पोटावर टकटक करायचा आणि आवाजावरून ओळखायचा. त्याचे वडील चौसाळ्याच्या एका बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत. लग्नाच्या वराती, हमरस्त्यावरून जाणाऱ्या ट्रकचे भोंगे आणि त्यातून वाट काढणारी वडिलांची क्लॅरिनेट ऐकत तो लहानाचा मोठा झाला होता. पुढे शिकायला पुण्यात राहिला तेव्हा खोलीतल्या एका मित्रानं त्याला नुसत्या यंत्रांच्या घरघरीतून केलेलं संगीत ऐकवलं. शिक्षण अर्धवट राहिलं, पण असा घडलेला कान मात्र भारत गावी घेऊन आला.

संस्थेचे चेअरमन अर्जुनराव रोज सकाळी येऊन आमच्या रांगेकडे समाधानानं पाहायचे. "या कॅना हायेत म्हणून गावच्या बायांच्या हातात पैसा हाय," असं ते आल्यागेल्याला सांगत. ते ऐकलं की मला माझ्या वजनाचा अभिमान वाटायचा.

मग पावसानं पाठ फिरवली. एक वर्ष लोकांनी कसंबसं काढलं. दुसऱ्या वर्षी मांजरा धरणाच्या तळाला भेगा पडल्या. गुरांना वैरण मिळेना, दूध आटत गेलं. शेवटी एका सकाळी साऱ्या गावाचं दूध माझ्यात ओतलं तरी माझा तळ नीट झाकला नाही. भारतनं ते दूध तसंच बायांना परत वाटून टाकलं आणि संस्थेच्या दाराला कुलूप लावलं.

अर्जुनराव मात्र हात बांधून बसले नाहीत. रेल्वे रुळापलीकडच्या माळावर संस्थेनं जनावरांसाठी छावणी उघडली. आसपासच्या गावांतली माणसं गुरं घेऊन आली आणि पाचटाच्या सावलीत तिथंच राहू लागली. टँकरचं पाणी मोठ्या टाकीत पडायचं. तिथून ते हौदापर्यंत न्यायचं काम भारतला आणि आम्हा कॅनांना मिळालं. दुधाची म्हणून मिरवणारी मी पाण्याची झाले. पहिले काही दिवस मला वाईट वाटलं. पण तहानलेला बैल हौदात तोंड घालतो तेव्हाचा आवाज एकदा जवळून ऐकला आणि माझा रुसवा गेला.

छावणीत आमच्या शेजारच्या खोपीत सटवा राहायचा. मेंढपाळाचं घर. त्याचे वडील सुग्रीव मेंढरं घेऊन दूर गोदावरीकाठी गेले होते. दोन गाई आणि म्हातारी आजी सारजाबाई यांना सांभाळायला सटवा मागं राहिला होता. त्याच्याजवळ एक पावा होता. वडिलांच्या तोंडच्या ओव्या, ढोलाचा ठेका आणि कळप वळवायच्या हाका, एवढीच त्याची शाळा. त्या हाका तो पाव्यातून अशा काढायचा की परक्या शेळ्याही मान वर करायच्या.

तिसरी मनकर्णा. ती अंबाजोगाईला एका बाईंकडे गाणं शिकत होती. वसतिगृहाला पाणी पुरेना म्हणून मुलींना घरी पाठवलं, आणि वडिलांचा गुडघा दुखावलेला म्हणून बैल घेऊन तीच छावणीत आली. तिच्या गळ्यात दोन गाणी होती. एक बाईंनी शिकवलेलं, तंबोऱ्याच्या सुरात तासन्‌तास घोटलेलं. दुसरं आईच्या जात्यावरचं, जे कुणीच शिकवलं नव्हतं.

दुपारी गुरं रवंथ करत बसली की तिघं लिंबाखाली जमायचे. भारत लाकडी दांड्यांना चिंध्या गुंडाळून मला वाजवायचा. सटवा पावा काढायचा, मनकर्णा गायची. येणारेजाणारे हसायचे.

"हे कसलं गाणं बे? ना भारूड, ना लावणी," कुणीतरी विचारायचं.

"आमालाबी अजून कळलं न्हाई," सटवा हसून सांगायचा.

सारजाबाईनं त्यांना नाव दिलं, तिकटी. तीन वाटा जिथं मिळतात ती जागा. पण वाटा मिळायला तयार नव्हत्या. एका दुपारी मनकर्णा गाता गाता थांबली.

"सटवा, तुझा पावा कुठल्या पट्टीत आहे?"

"पट्टी कशाला? मेंढरं पट्टी इचारीत न्हाईत."

"पण मला सूर लागतो ना! तुझा एकीकडं, माझा एकीकडं. माझ्या बाईंनी ऐकलं तर गाणं बंद कर म्हणतील."

"मग कर बंद," सटवा पटकन बोलून गेला. "मी माज्या बापाची हाक बदलणार न्हाई."

मनकर्णा उठली आणि आपल्या बैलांकडे निघून गेली. दुसऱ्या दिवशी ती आली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. सटवानं पावा खोपीच्या मेढीला अडकवून ठेवला. भारत एकटाच माझ्याजवळ बसून राहायचा. त्याला दोघांची बाजू पटत होती, आणि म्हणून कुणालाच काही सांगता येत नव्हतं. मला त्या दिवसांत फार रिकामं वाटलं.

नंतर एका सकाळी भारत आणि सटवा मला अर्धी भरून, माझ्या कानांतून बांबू घालून हौदाकडे नेत होते. सवयीनं भारतनं पोटावर थाप दिली. चालण्यानं आतलं पाणी हिंदकळत होतं. माझा आवाज निघाला तो सरळ न येता वाकला, खाली गेला, पुन्हा वर आला. सटवा जागच्या जागी थांबला.

"पुन्ना मार की बे!"

भारतनं पुन्हा थाप दिली. हौदाशी बैलांना पाणी पाजत असलेल्या मनकर्णानं मान वळवली. तिच्या ओठांतून नकळत तोच सूर निघाला, माझ्यासारखाच घसरत, झोके घेत. ती जवळ आली.

"हा सूर एका जागी थांबतच नाही," ती म्हणाली. "याची पट्टी काय म्हणून धरायची?"

"मग नगं धरू," सटवा म्हणाला. या वेळी त्याच्या बोलण्यात राग नव्हता. तो धावत जाऊन पावा घेऊन आला.

मित्रांनो, त्या सकाळी मला माझा खरा आवाज सापडला. पाणी भरलेलं असलं की मी खालच्या, जड सुरात बोलते. पाणी काढत गेलं की माझा सूर चढत जातो. मीच एका जागी राहत नव्हते, त्यामुळं त्या दोघांना आपापला सूर रोवून उभं राहता येईना. दोघंही माझ्यामागं चालू लागले. पाव्यातली हाक लांबली, जात्यावरची ओवी तिच्यात मिसळली, आणि भारतच्या हातातून वरातीचा ठेका हळूहळू बाहेर पडला.

तेवढ्यात सारजाबाईची काठी जमिनीवर आपटली. "आरं, पानी सांडायलंय की! पानी काय वाजवायला हाय व्हय?"

तिघंही ओशाळले. मातीवर ओला डाग पडला होता आणि दोन चिमण्या त्यात चोची घालत होत्या. त्या दिवसापासून त्यांनी एक नियम केला. वाजवायचं ते हौदाशी उभं राहूनच, आणि माझ्यातलं पाणी तांब्यातांब्यानं हौदात जाईल तसतसं. थेंबही वाया घालवायचा नाही. गुरं पाणी प्यायची, माझा सूर चढायचा.

"याला शेवट कुठं असतो?" एका शेतकऱ्यानं विचारलं.

सारजाबाईच बोलली, "कॅन रिकामी झाली की शेवट. येवढं कळंना व्हय तुला?"

तिकटीची खबर अंबाजोगाईला पोचली. मनकर्णाच्या बाईंनी एका छोट्या संगीतसभेत त्यांना बोलावलं. भारत परवानगी मागायला अर्जुनरावांकडे गेला. अर्जुनरावांनी माळाकडे पाहिलं.

"कॅन न्या. संस्थेचं भांडं हाय, जपून आणा. पाणी मात्र देणार न्हाई. ते जनावरांचं हाय."

"बरोबर हाय तुमचं," भारत म्हणाला.

मग तिघांनी आपापल्या पिण्याच्या पाण्यातलं थोडं थोडं माझ्यात ओतलं. शेवटी सारजाबाई आपली कळशी घेऊन आली. सटवा नको नको म्हणत असतानाच तिनं ती माझ्यात रिती केली. एवढं मोलाचं काही माझ्या पोटात त्याआधी कधी आलं नव्हतं.

हॉल छोटा होता, पण भरलेला. मला मधोमध ठेवलं. शेजारी एक रिकामं घमेलं होतं. पाणी त्यात काढायचं आणि नंतर परत न्यायचं असं ठरलं होतं. भारतनं झाकण उघडलं, आणि दिव्यांत पाणी चमकलं. तोच मागच्या बाजूनं एक बाई उभी राहिली.

"ए पोरांनो, थांबा! ते पानी हाय का?"

ती सुभद्राबाई होती. हॉलच्या मागच्याच गल्लीत राहायची आणि भाजी विकायची. गाणं फुकट आहे म्हणून येऊन बसली होती.

"आमच्या गल्लीत टँकर येईना," ती ओरडली, "अन् तुमी पानी वाजवायलाव? लाज वाटत न्हाई?"

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. कुणी तिला खाली बसवू लागलं. भारतच्या हातातले दांडे खाली गेले. त्याचा चेहरा मला दिसत होता. आता हा मला उचलून तसाच बाहेर पडणार असं मला वाटलं. सटवानंही मान खाली घातली होती. मनकर्णा मात्र मंचावरून उतरून सरळ तिच्यापाशी गेली.

"मावशी, तुमचं खरं आहे. हे पाणी आम्ही सांडणार नाही. तुम्ही घेऊन जा."

"समदं?"

"सगळं. पण तुमच्या हातानं काढा, सावकाश. तुम्ही काढाल तसं आम्ही वाजवू."

सुभद्राबाईनं तिच्याकडे संशयानं पाहिलं. मग बाहेर गेली. सगळा हॉल थांबला. ती आली ती काखेत घागर आणि हातात तांब्या घेऊन. मंचावर चढली, पदर खोचला आणि माझ्यात तांब्या बुडवला.

मित्रांनो, त्यानंतर जे झालं ते तिघांनी कधी बसवलं नव्हतं. सुभद्राबाईचा हात जसा चालेल तसा भारतचा दांडा माझ्यावर पडत होता. तिनं पहिले काही तांबे भराभर ओतले. मग माझा आवाज बदलतोय हे तिच्या ध्यानात आलं. तिनं भरलेला तांब्या हवेतच धरला आणि कान दिला. सटवानं पाव्यातली हाक तशीच धरून ठेवली, श्वास संपेपर्यंत. तिनं तांब्या ओतला, तेव्हा मनकर्णाचा सूर तिच्याबरोबर उतरला. मग ती मुद्दाम थांबू लागली. कधी थोडंसंच काढायची, कधी तांब्याच्या काठानं आतलं पाणी ढवळून पाहायची. शेवटी तिनं मला तिरपी करून उरलंसुरलं घागरीत घेतलं. माझा सूर कधी नव्हे इतका वर गेला आणि तिथं एकटाच राहिला.

टाळ्या लगेच वाजल्या नाहीत. सुभद्राबाईनं घागर काखेत घेतली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "ग्वाड वाजतंय." ती पायऱ्या उतरून जाईपर्यंत लोकांनी वाट करून दिली. मग टाळ्या वाजल्या.

त्यानंतर तिकटीला कुठून कुठून बोलावणी आली. एका ठिकाणी कुणीतरी विचारलं, तुम्ही कुणाकडून शिकलात? मनकर्णानं आपल्या बाईंचं आणि आईच्या जात्याचं नाव घेतलं. सटवा म्हणाला, "बापाकडून. अन् थोडं मेंढरांकडून." भारत वडिलांचा बँड म्हणाला, पुण्यातला मित्र म्हणाला, आणि मग माझ्या पोटावर नुसता हात ठेवला.

पुढे पाऊसपाणी झालं. छावणी उठली, संस्था पुन्हा सुरू झाली. नव्या स्टीलच्या कॅना आल्या, दूध थंड करायचं यंत्र आलं. सटवा मेंढरांबरोबर गेला, मनकर्णा शिक्षण पुरं करायला. भारतला कामातून मान वर करायला फुरसत मिळेना. मी शेडमागं पडून राहिले. एका कोंबडीनं माझ्यात अंडी घातली, त्यांचीच काय ती मला ऊब. एके दिवशी भंगारवाला आला आणि एकेक करून माझ्या बहिणींना गाडीत टाकू लागला. त्यानं माझा कान धरला तेव्हा मध्ये एक काठी आडवी आली. अर्जुनराव होते, आता बरेच थकलेले.

"ती न्हाई," ते म्हणाले. "ती वाजती."

त्याच संध्याकाळी त्यांनी भारतला माझ्यासमोर उभं केलं. तिघांना पुन्हा जमायला थोडा वेळ लागला, पण ते जमले. आता वर्षातून काही दिवस मी त्यांच्याबरोबर गावोगाव फिरते. म्हणून आज इथं, चौसाळ्याला, तुमच्या शाळेत आले आहे.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. कार्यक्रम सुरू झाला की तुमच्यापैकी कुणालातरी वर बोलावतील आणि हातात तांब्या देतील. माझ्यातलं पाणी तुमच्या अंगणातल्या रोपांसाठी आहे. ते सांडू नका, आणि काढायची घाईही करू नका. मला धरून हळूच तिरपी करा. तळाशी घोटभर पाणी उरतं ना, तेव्हाच मी सगळ्यात उंच गाते.