ओसाड विहीर, पाणी गोड

माझ्याकडे वाळवंटावरची त्रेचाळीस पुस्तकं आहेत. आमच्या भागात एवढी पुस्तकं बाळगणाऱ्याला लोक मास्तर म्हणतात आणि त्याला मुलगी देताना जरा विचार करतात. मी तालुक्याच्या शाळेत भूगोल शिकवतो, म्हणजे खिडकीबाहेर दिसणारी वाळू मुलांना नकाशात दाखवतो. ही सगळी पुस्तकं वाळवंटातून गेलेल्या लोकांनी लिहिली आहेत. तिथे राहिलेल्यांपैकी कोणी लिहिलेलं एकही नाही. साधारण नव्वदाव्या पानावर लेखकाला तहान लागते, शंभराव्यावर वाटाड्या आळशी निघतो आणि शेवटच्या पानावर लेखक आपल्या घरी शेकोटीशी बसून वाळवंटाच्या आठवणीने व्याकूळ होतो.

चव्वेचाळिसावं पुस्तक मी होम्मतमामासाठी मागवलं.

मामा माझ्या आईचा थोरला भाऊ. काराकुम वाळवंटाच्या आत, तालुक्यापासून ट्रकने दिवसभराच्या वाटेवर, त्याच्या आजोबांनी खणलेली विहीर आहे. वीस पुरुष खोल. उंट दोर ओढत लांबवर जातो तेव्हा कुठे मोट वर येते आणि जनावरांच्या डोणीत रिकामी होते. विहिरीभोवती सात घरं, सव्वीस माणसं आणि मोजायचा कंटाळा यावा इतक्या मेंढ्या. त्या हिवाळ्यात वरून हुकूम आला, की असल्या विखुरलेल्या वस्त्या उचलून कालव्याकाठच्या नव्या गावात न्यायच्या. तिथे रांगेत घरं आहेत, नळ आहेत, आणि नळाच्या पाण्याला रॉकेलचा वास आहे. मामाची माणसं तिथे आधीच राहतात असं कोल्होजच्या, म्हणजे सरकारी सामूहिक शेताच्या, यादीत लिहूनही झालं होतं. फक्त त्यांना तसं कळवायचं राहिलं होतं.

हुकमात एक फट होती. वस्ती क्रांतीच्या आधीची असल्याचा लेखी पुरावा मिळाला, किंवा आयोगाने स्वतः जाऊन वीस माणसं डोळ्यांनी पाहून मोजली, तर वस्ती जागेवर राहणार होती. दोन्हीपैकी एक पुरेसं होतं.

"लेखी आहे की," मामा माझ्या ओट्यावर बसून म्हणाला. "आजोबांच्या वेळी एक रशियन कप्तान आला होता. चाळीस घोडे घेऊन. तीन दिवस विहिरीवर होता आणि तिन्ही दिवस वहीत काहीतरी खरडत होता. आमच्याबद्दल नाही तर कशाबद्दल लिहील? वाळूबद्दल तीन दिवस?"

"लिहितात, मामा. वाळूबद्दल चारशे पानं लिहितात."

"मग त्यात आम्ही एका पानावर असूच. तू शोध. विहीर उपसायला माणूस नसला तर दोन वर्षांत वाळू तिला गिळते. मग मी मेल्यावर आजोबांना काय सांगू?"

पुस्तक चार महिन्यांनी आलं. मोठ्या ग्रंथालयाच्या तीन शिक्क्यांसह, आतली पानं न कापलेली. ऐंशी वर्षांत ते कोणी उघडलं नव्हतं. मीही तालुक्यात उघडलं नाही. वाटलं, मामासमोरच कापावं. शिकलेल्या माणसाला अधूनमधून असा समारंभाचा झटका येतो.

मामाच्या नमद्याच्या, म्हणजे कुटलेल्या लोकरीच्या, काळ्या घरात सगळे जमले. मामीने, म्हणजे ओगुलबेगने, हिरवा चहा ओतला आणि तंदूरमधून आत्ताच काढलेली भाकरी मोडून पुढे ठेवली. मी मेंढी कातरायच्या सुरीने पानं कापली आणि एकशे बाराव्या पानावर विहीर सापडली. खोली बरोबर, दिशा बरोबर. मी रशियनमधून सांगत गेलो:

"'विहीर उत्तम स्थितीत. दोर नवा. मोट ओली. डोणी काठोकाठ भरलेली. पाणी गोड. माणूस मात्र एकही नाही. तीन दिवसांत आम्हांस जिवंत प्राणी दिसला नाही. येथील रहिवासी काही अज्ञात संकटामुळे निघून गेले असावेत. नकाशात ओसाड विहीर अशी नोंद करीत आहे.'"

मामीने चहाची किटली खाली ठेवली.

"संकट तोच होता," ती म्हणाली. "ते नाही का लिहिलं?"

हे सांगायला हवं, कारण पुस्तकात नाही. मामाच्या लोकांची एक रीत आहे. पाणी मोजकं असलं आणि तहानलेली जनावरं घेऊन परका आला, तर विहीर त्याच्यासाठी मोकळी करायची. डोणी भरून ठेवायची आणि माणसं-मेंढरं घेऊन टेकडीमागे जायचं. यजमान समोर बसला तर पाहुणा लाजून कमी पितो, घोड्याला अर्ध्यावरून ओढून काढतो. म्हणून त्याचं पोटभर होऊन तो जाईपर्यंत तोंड दाखवायचं नाही. कप्तानाचे चाळीस घोडे तीन दिवस पीत राहिले. टेकडीमागे मामाच्या आजोबांनी मेंढ्यांची तोंडं लोकरीच्या दोरीने बांधली होती, बेंबें ऐकू जाऊ नये म्हणून. तिसऱ्या दिवशी त्यांची तान्ही मुलगी गेली. तिची दगडांची छोटी रास अजून तिथे आहे.

"आमच्या घरातलं माणूस नेलं," मामी म्हणाली, "आणि लिहिलं काय, तर माणूसच नव्हतं."

मामाने कापलेल्या पानावर बोट ठेवलं. "पाणी गोड म्हणाला ना पण?"

"म्हणाला."

"लाजला नाही म्हणजे. पोटभर प्यायला."

लेखी पुरावा असा संपला. उरली डोक्यांची मोजणी. मी मामाला तीनदा बजावलं, की आयोग येईल तेव्हा सगळ्यांनी आपापल्या दारात बसायचं. हलायचं नाही.

"बसू की. दारात बसायला काय शिकवतोस, मास्तर? आयुष्यभर तेच केलंय."

"आणि रीतबीत काढायची नाही."

"ते पाहुणे थोडेच आहेत? साहेब आहेत."

मी समाधानाने परतलो. आयोगाबरोबर वाट दाखवायला मलाच जायचं होतं.

आयोग मेअखेरीस निघाला. अध्यक्ष रेजेपोव साहेब सभ्य गृहस्थ होते. पायात शहरी बूट, खिशात घडी केलेला रुमाल, बोलणं हळू. दोन ट्रकांत आम्ही चौदाजण होतो: मोजणीदार, कारकून, ड्रायव्हर, स्वयंपाकी आणि एक छायाचित्रकार, जो वाटभर ओकत होता. वाटेत पिंप फुटलं आणि पाणी वाळूत गेलं. एका ट्रकचं इंजिन तापून वाफा सोडू लागलं. शेवटचे दोन तास सगळे विहिरीचंच नाव घेत होते. मी खूश होतो. मनात म्हटलं, चौदा तहानलेली माणसं विहिरीवर पोचतील आणि मामा दारात चहा घेऊन उभा असेल, मग कोण कशाला वस्ती उठवील?

त्या वर्षी पाऊस झाला नव्हता. विहीर दिवसाला चाळीस मोटा द्यायची, पुढे चिखल. हे मला ठाऊक होतं. चौदा माणसं आणि दोन वाफाळलेले ट्रक टेकडीवरून कसे दिसतील, हा विचार मात्र मला सुचला नाही. भूगोल शिकवणाऱ्याचं असं होतं.

आम्ही पोचलो. दोर नवा होता. मोट ओली होती. डोणी काठोकाठ भरली होती.

माणसं प्यायली, मग ट्रक प्यायले. साहेबांनी सातही घरांत डोकावून पाहिलं. तंदूर कोमट होता, कापडाखाली भाकऱ्या होत्या.

"कुठे आहेत तुमची माणसं?"

मी रीत सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकली.

"माझी आजी असलं काही सांगायची," ते म्हणाले. "पण फॉर्मात 'टेकडीमागे' असा रकाना नाही. बोलवा त्यांना. मी थांबतो."

मी वाळू तुडवत टेकडीमागे गेलो. सव्वीस माणसं त्या दगडांच्या राशीशेजारी ओळीने बसली होती. मेंढ्यांची तोंडं बांधलेली.

"मामा, चल. मोजायला आलेत."

"प्यायले का सगळे?"

"प्यायले. ट्रकसुद्धा प्यायले."

"अजून आहेत ना पण विहिरीवर? रात्री पुन्हा लागेल त्यांना. सकाळी लागेल. आम्ही गेलो तर तो साहेब म्हणेल, तुम्ही आधी प्या. मग आम्ही काय त्याच्यासमोर पिणार?"

"मामा, वस्ती जाईल."

"कळतंय मला." त्याने वर पाहिलं नाही. "तो गेला की लगेच येतो. सांग त्याला."

"दारात बसणार होतास ना?"

"साहेब असते तर बसलो असतो," मामी म्हणाली. "ही तर तहानलेली माणसं निघाली."

मी परत आलो आणि साहेबांना म्हणालो, की तुम्ही निघालात की ते येतील. साहेब खरंच सभ्य होते. "छे, छे," ते म्हणाले, "मी थांबतो ना. घाई नाही." आणि स्वयंपाक्याला त्यांनी आणखी एक मोट काढायला सांगितलं. ते मोजणीसाठी थांबले होते आणि ते थांबले म्हणून टेकडीमागची माणसं थांबली होती. मी पाच वेळा वर-खाली केलं. टेकडीवर चढून मोजा, असंही म्हणालो. त्यांनी टेकडीकडे पाहिलं, मग आपल्या बुटांकडे पाहिलं, आणि म्हणाले, नियमात 'राहत्या जागी' असा शब्द आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी मोट चिखल घेऊन वर आली. साहेबांनी फॉर्म मांडीवर घेऊन भरला आणि सही केली. मला ट्रकमध्ये जागा देऊ केली. मी मागे राहतो म्हणालो. निघताना त्यांनी तोंड रुमालाने पुसलं. "पाणी फार छान आहे हो," ते म्हणाले, आणि त्यांना खरोखर वाईट वाटत होतं.

ट्रकांची धूळ अजून हवेत असताना ते टेकडीवरून उतरले. आधी मेंढ्या, मग मुलं, शेवटी मामा. त्याने विहिरीत डोकावून पाहिलं, चिखलाचा वास घेतला आणि डोणीच्या काठावर बसला. ओठ तडकले होते.

"काय लिहिलं त्याने?"

फॉर्म मी वाचला होता. माणसं: शून्य. विहीर: वापरात नसावी. पण त्याखाली शेरा नावाचा एक रकाना होता.

"लिहिलंय, पाणी गोड आहे."

मामाने मान हलवली. "त्याने पण लिहिलं," तो मामीला म्हणाला.

मामी मेंढ्यांच्या तोंडांवरच्या दोऱ्या एकेक करून सोडत होती.

शरदात ट्रक आले आणि वस्ती कालव्याकाठी गेली. त्या सकाळी मामीने सगळ्यांना खोळंबवून ठेवलं. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. तिने उंट जुंपून डोणी भरून घेतली, मोट ओली करून कठड्यावर ठेवली, आणि मगच डोक्यावरची ओढणी सावरत ट्रकमध्ये चढली.