उभं आहे तोवर

आमच्या घरात बोलण्याआधी हात उठतो. आई तशी होती, मी तशी आहे आणि धाकटाही तसाच. त्यामुळे त्या दुपारी मी सख्ख्या भावावर गरम इस्त्री उगारली याचं कोणी आश्चर्य मानू नये. मारली नाही, याचं मानावं.

लाँड्री आईनं उभी केली. पुढे दुकान, मध्ये इस्त्रीची खोली, मागे पत्र्याखाली बॉयलर आणि बॉयलरच्या भिंतीला लागून नाला. इस्त्रीच्या खोलीवर आम्ही राहतो. आई गेल्यावर जागा आम्हा दोघांच्या नावावर झाली, आणि तेव्हापासून भांडायला विषय शोधावा लागला नाही.

मग पालिकेचा अधिकारी आला. हातात नकाशा, नाकावर रुमाल. म्हणाला, नाल्याच्या काठानं हरित पट्टा आखलाय. पट्टा घेऊन आला म्हणून मी त्याला तोंडावरच पट्टेवाला म्हटलं. त्याला ते आवडलं नाही.

"बाई, उभं आहे तोवर राहू द्या, कोणी पाडायला येणार नाही," तो सांगू लागला. "पण तुमची मागची भिंत पट्ट्यात येते. ती पडली तर परत बांधता येणार नाही."

"मग बॉयलर काय उघड्यावर चालवू?"

"उघड्यावर चालत नाही. म्हणजे लाँड्री बंद."

"आणि दुसरा मार्ग?" धाकट्यानं विचारलं.

"दोघांनी सही करून जागा रिकामी करून द्या. पालिका दुसरीकडे जागा देईल. लांब आहे, पण मोठी आहे."

धाकट्याचे डोळे चमकले आणि माझं डोकं फिरलं. पट्टेवाल्यानं जाता जाता नाल्याकडे बोट केलं. आमच्या साबणाचा फेस त्यातून चालला होता. "त्यालाही श्वास घ्यायला जागा हवी ना," तो म्हणाला. ते खरं होतं, म्हणून मला त्याचा आणखीच राग आला.

त्या दिवसापासून मी भिंतीची राखण करू लागले. सकाळी उठले की आधी तिच्यावरून हात फिरवायचा, कुठे भेग गेलीय का बघायचं. एका ट्रकवाल्यानं बाजूच्या बोळात गाडी मागे घेता घेता भिंतीच्या कोपऱ्याजवळ आणून थांबवली, तर मी त्याला खाली ओढून कानाखाली आवाज काढला. थांबला होता बिचारा, तरीही.

धाकटा रोज तेच टुमणं लावायचा. त्या दुपारी कामाच्या बायका जेवायला गेल्या होत्या आणि तो इस्त्रीच्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

"ताई, सही कर."

"मेले तरी नाही."

"पोरीचा खोकला थांबत नाही या वाफेनं. बायको माहेरी जाऊन बसलीय. ती नाही यायची आता इथे."

"मग तू जा की सासरी. घरजावई शोभशील."

त्यानं माझा अंबाडा धरला आणि डोकं टेबलावर आपटलं. बटणांचा डबा उडाला, खोलीभर बटणं झाली. मी हाताला आलेली इस्त्री उचलली. तो इस्त्रीकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. माझ्या भुवईतून रक्त गळत होतं. त्यानं केस सोडले.

"भिंतच पडली तर लाँड्री बंद, मग तुझी सही हवीय कोणाला," तो म्हणाला आणि कोपऱ्यातला कोळसा फोडायचा घण घेऊन मागे गेला. बॉयलरच्या खोलीचं लोखंडी दार आपटलं. आतून कडी लागली.

पहिला घाव मला तळपायात जाणवला. मी दारावर लाथा घातल्या. "बाहेर ये मेल्या, हात तोडून टाकते तुझे!" आतून नुसते घाव. प्रत्येक घावाबरोबर तो गुरासारखा हुंकारत होता. त्या घटकेला मला मनापासून वाटलं, ती भिंत त्याच्याच अंगावर पडो. मग लक्षात आलं, त्यातही भिंत पडतेच.

आणि आवाज बदलला. त्या चिंचोळ्या खोलीत मागे उगारलेला घण दारावरच्या वाफेच्या पाइपवर बसला असणार. आधी शिट्टी वाजली, मग किंकाळी. दाराच्या फटीतून वाफ माझ्या पायांवर आली. पाइप दाराशी, कडी दाराला, वाफ बंद करायचा वॉल्व्हही तिथेच. तो मागच्या कोपऱ्यात अडकला होता.

"ताई! ताई गं!"

गटाराचं झाकण उचलायची पहार घेऊन मी दुकानातून धावत सुटले, बोळातून मागे नाल्याच्या काठावर आले. त्याच्या घावांनी भिंतीला बाहेर पोट आलं होतं. तिथेच मी पहार घातली. आतून त्यानं मारलेल्या जागी बाहेरून मी. भिंतीचा विचार मनात आला का, असं लोक विचारतात. नाही आला. राग मात्र होता, तो सगळा पहारीत गेला.

विटा सुटल्या तशी वाफ तोंडावर आली. भोकातून त्याचा हात बाहेर आला. मी तो धरून ओढला तर कातडी माझ्या मुठीत आली. मग आत वाकून सदऱ्याची कॉलर धरली आणि अंगातलं सगळं बळ लावलं. तो आला, त्याच्यामागून भिंत आली. अर्धी नाल्यात, अर्धी आमच्यावर.

पट्टेवाला दुसऱ्या दिवशी आला. ढिगारा बघून त्यानं रुमाल नाकावरून काढला.

"कोणी पाडली?"

"मी."

"बाई, आपोआप पडली म्हणा."

"म्हटलं तर बांधू द्याल?"

तो खाली बघू लागला. "नाही."

"मग कशाला खोटं बोलू?"

दवाखान्यात धाकटा डोक्यापासून पायापर्यंत पट्ट्यांत गुंडाळलेला होता. एक डोळा आणि सुजलेले ओठ तेवढे उघडे.

"भिंत?" त्यानं विचारलं.

"पडली."

"माझ्या घणानं?"

"तुझ्यानं काय होतंय? मी पाडली."

तो हसायला लागला. हसता हसता ओठ फाटला, हनुवटीवर रक्त आलं, तरी थांबेना.

"मग आता तरी सही कर ना, ताई."

मी सवयीनं हात उचलला आणि त्याला मारायला जागा शोधू लागले. कुठेच उरली नव्हती.