माझ्यासाठी घर फोडणारी सून

मी एक जुने घर आहे. गोल, चार मजली, माती कुटून उभारलेले. चीनमधल्या फुजियान प्रांताच्या डोंगरात लाय घराण्याच्या हक्का लोकांनी मला बांधले, त्याला दोनशे वर्षे होत आली. मातीत चुना आणि चिकट तांदळाची पेज मिसळली, मधूनमधून बांबूच्या कामट्या घातल्या आणि दर वर्षी एक मजला चढवला. माझी भिंत इतकी जाड की तिच्या जाडीत माणूस आडवा झोपेल! दार मात्र एकच. खाली चुली, त्यावर धान्य, त्यावर निजायच्या खोल्या, अशी प्रत्येक कुटुंबाला एक उभी फाक. छत्तीस कुटुंबे माझ्या पोटात नांदत होती.

मित्रांनो, अशा घरात काही लपत नाही. म्हणूनच बिहोंगचे हाल झाले. ती पलीकडच्या खोऱ्यातली, तिची बोली निराळी. लग्न होऊन आली तेव्हा कुणाचे काही तिला कळेना आणि तिचे कुणाला.

"पोपट आणलाय, पोपट! बोलतो खूप, कळत काहीच नाही," तिची सासू ग्वेइम्वे गॅलरीतून सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणे. बिहोंग खाली मान घालून भाजी चिरत राही. तिचे उसासे फक्त मी ऐकत असे.

एका शरदात पुरुष तंबाखूच्या शेतात गेलेले असताना शेजारच्या फाकेतली चूल भडकली. वाळत घातलेली पाने पेटली आणि ज्वाळा लाकडी जिन्यावरून वर धावल्या. फाकेच्या एका बाजूला विटांची आड-भिंत होती, तिथे आग अडली. दुसऱ्या बाजूला मात्र बिहोंगचेच बिऱ्हाड होते, आणि त्यानंतर सलग लाकूड.

बायका विहिरींकडे पळाल्या. बिहोंग कुदळ घेऊन वर पळाली. ती काहीतरी ओरडत होती, पण कुणाला कळेना. छपरावर चढून तिने आपल्याच खोल्यांवरची कौले फेकायला सुरुवात केली, मग वासे तोडले, मग गॅलरीच्या फळ्या.

"अगं ए भवाने! आग तिकडे लागलीय आणि तू आपलंच घर फोडतेस?" ग्वेइम्वे अंगणातून किंचाळली. "कुणीतरी धरा गं तिला!"

खरे सांगू? तेव्हा मलाही राग आला. प्रत्येक घाव माझ्या अंगावर पडत होता.

दोघी जणी तिला धरायला वर गेल्या. जवळ पोहोचल्यावर त्यांना दिसले, की ज्वाळा त्या मोकळ्या पट्ट्यापाशी येऊन जीभ बाहेर काढत होत्या. पुढे चाटायला लाकूडच नव्हते. मग त्यांनीही फळ्या उपटायला हात लावला. संध्याकाळी पुरुष परतले तेव्हा माझ्या दोन फाका गेल्या होत्या. चौतीस उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी ग्वेइम्वेने तांदळाच्या दारूत शिजवलेली कोंबडी सुनेपुढे ठेवली.

"खा. आमच्यात हे बाळंतिणीला देतात. पण तू काल आख्खं घर पुन्हा जन्माला घातलंस, पोरी."

बिहोंगला त्यातले निम्मेच कळले. दोन घास खाऊन ती मोडक्यातोडक्या हक्का बोलीत म्हणाली, "मीठ... कमी."

चारही मजले हसले. सगळ्यांत जोरात सासू हसली आणि डोळे पुसत मीठ आणायला उठली.

पुढे दोन्ही फाका सगळ्यांनी मिळून बांधल्या. मी सुखात होते. मग तरणी माणसे शहरात गेली. आता चारच चुली पेटतात. मातीच्या घराला पावसाचे भय नाही, मित्रांनो, सरकलेल्या कौलाचे भय असते. गेली तीन वर्षे एका बंद खोलीवरचे कौल सरकलेले आहे. पाणी मुरून भिंत फुगली आहे. "ती खोली आपली नाही," असे म्हणत लोक खालून जातात.

मी गोल आहे. पाणी एका ठिकाणी शिरले की ते कुणाच्या खोलीत थांबायचे हे विचारत नाही. म्हणून एवढेच मागते: कुणाच्याही खोलीवरचे कौल सरकलेले दिसले, तर शिडी लावा आणि वर चढा.