माझ्या घशातले तांदूळ

मी हॉपर बोलतोय. भिंतीवर टेक्श्चर मारायची गन. खेळणं समजून हात लावणारे पुष्कळ भेटले, म्हणून आधीच सांगतो, लांब उभे राहा. अंबरनाथच्या बुवापाड्यात, सुदाम रंगाऱ्याच्या खोलीत मी खिळ्याला टांगलेला आहे. काम करत नाही. का करत नाही ते ऐका आणि जा.

जन्म कुठला, ठाऊक नाही. खोक्यावर लिहिलेलं होतं म्हणे. मला वाचता येत नाही. उल्हासनगरच्या एका दुकानात वर्षभर धूळ खाल्ली. एक दिवस सुदाम आला. दुकानदार म्हणाला, "ले जा साईं, एक नंबर पीस है." सुदामने माझ्या तोंडातून उजेडाकडे पाहिलं. म्हणाला, "नंबर भिंत देईल." माणूस मला तिथेच पटला.

माझ्या डोक्यावर भांडं आहे, त्यात माल भरायचा. इडलीच्या पिठाएवढा घट्ट. मागून कॉम्प्रेसरची हवा येते. घोडा दाबला की माल उडतो आणि भिंतीवर दाणा बसतो. ऐकायला सोपं. हात जवळ गेला की ओघळ, लांब गेला की नुसती धूळ. आणि एकदा भिंत सुरू केली की कोपरा आल्याशिवाय थांबायचं नाही. मध्ये थांबलात तर ओली कड सुकते आणि जोड दिसतो. जन्मभर दिसतो. सुदाम भिंत संपेपर्यंत पाणी प्यायचा नाही. परांचीवरून उतरला की आधी मला धुवायचा, मग स्वतःचं तोंड.

मालात वाळू असते. बारा वर्षं ती घासून माझ्या तोंडाचं भोक एका अंगाला झिजलं. दुसऱ्याने ते नोजल फेकून नवं बसवलं असतं. सुदाम त्या झिजेप्रमाणे मनगट वळवायला शिकला. दाणा पडायचा तो एका कुशीवर निजलेला, सुपात पाखडून कडेला आलेल्या बाजरीसारखा. एमआयडीसीत आम्ही कारखान्यांची ऑफिसं केली. लोक भिंतीवर हात फिरवून म्हणत, "हा सुदामचा दाणा." त्याच्याकडे शेती नाही, फ्लॅट नाही. मिरवायला एवढं एकच होतं.

आठ वर्षं कॉम्प्रेसर आणि माल सांभाळायला मुकेश होता. सुदामच्या बायकोचा, चांगुणाचा, सख्खा भाऊ. हात बरा. धीर नाही. मी त्याच्या हातात कधी गेलो नाही. सुदाम हत्यार उसनं देत नसे. "बायको रागावून माहेरी गेली तर परत येते. हत्यार येत नाही," म्हणायचा.

मग आला धर्मेश ठेकेदार. बदलापूरला खरवईत नवी इमारत होती. दसऱ्याला लोकांना चाव्या द्यायच्या होत्या. सुदामने गेटाजवळच्या भिंतीवर दोन फुटांचा चौकोन मारून दाखवला. आमच्यात त्याला सॅम्पल म्हणतात. बिल्डरने हात फिरवला, चौकोनाखाली पेन्सिलीने सही केली. म्हणाला, "सगळी इमारत अशीच पाहिजे."

काम मिळालं मुकेशला. धर्मेशने त्याला बाजूला घेतलं, त्याने स्वस्तात हो म्हटलं, नवी गन घेतली. सुदामला कुणी कळवलंही नाही. त्याला रिक्षावाल्याकडून कळलं.

नव्या गनचा दाणा सरळ उभा पडला. बिल्डरने सही दाखवली. "हे ते नाही. समोरची भिंत तरी सॅम्पलसारखी करा, नाहीतर सगळं उकरा."

उरला एकच दिवस, खंडेनवमीचा. त्या दिवशी हत्यारं पुजतात. कामाला लावत नाहीत. दसऱ्याला सकाळी आधी धुतात, मगच हात घालतात. चांगुणाने मला पाटावर ठेवलं. हळद-कुंकू लावलं. भांड्यात ओंजळभर अक्षता आणि झेंडू घातला. सुदाम दाढी करायला गेला. तेवढ्यात मुकेश दारात.

"ताई, दाजींचा हॉपर दे. चार तासांचं काम आहे."

"आज? डोकं फिरलंय का तुझं? ते मला घराबाहेर काढतील."

"त्यांना कळायच्या आत आणून ठेवतो. ताई, धर्मेश मला परत दारात उभा करणार नाही. तुझ्या भाच्यांचं तोंड बघ."

चांगुणाने भाच्यांचं तोंड बघितलं. माझं बघितलं नाही. मुकेशने मला पिशवीत कोंबलं.

खरवईला परांची बांधून तयार होती. त्याने भांडं उपडं केलं, एकदा झटकलं. झेंडूची फुलं पडली. अक्षता कुंकवाने ओल्या होत्या, चार पाकळ्यांसकट तळाशी चिकटून राहिल्या. आठ वर्षं त्याने मला धुताना पाहिलं होतं. तरी धुतलं नाही. वरून माल ओतला.

अर्धी भिंत झाली. दाणा तोच पडला, हे मी नाकारत नाही. खालून धर्मेश ओरडला, "वाह, मुकेशभाई!" आणि माझा घसा बंद झाला. तांदूळ फुगले, पाकळ्या गुंतल्या, तोंडात बोळा बसला. ओली कड सुकायला लागली. मुकेश घाबरला. त्याने परांचीतून खिळा उपसला, माझ्या तोंडात घातला आणि वरून हातोडी मारली.

बारा वर्षांची झीज एका फटक्यात फाटली.

सुदामने घरी रिकामा पाट पाहिला. चांगुणाकडे पाहिलं. "मुकेशने नेला," ती म्हणाली. रिक्षा करून खरवईला आला तेव्हा भिंत मधोमध जोड पडून दुभंगलेली होती. खाली मी पडलो होतो. त्याने मला उचललं, तोंडातून उजेडाकडे पाहिलं.

"दाजी, माझी चूक नाही," मुकेश म्हणाला. "तांदूळ ताईनेच घातले होते."

"तांदूळ देवाचे होते. सणाला हत्याराला हात घालायला तुला देवाने सांगितलं?"

धर्मेश मध्ये पडला. "काका, झालं ते झालं. अर्धी भिंत तुम्ही पुरी करा. सगळं काम तुमचं. उद्या साहेब येणार आहेत, इज्जतीचा सवाल आहे."

"कुणाच्या?"



सुदामने गवंड्याची छन्नी-हातोडी मागून घेतली. तो भिंतीकडे गेला नाही. गेटाकडे गेला. स्वतः मारलेला चौकोन त्याने कोपऱ्यापासून उकरायला घेतला.

"काका, सही आहे त्याच्यावर! मी साहेबांना दाखवू काय?"

"सही तुमची. दाणा माझा. मी माझं घेऊन चाललोय."

अर्धा तास लागला. दाणा सगळा गेला, सहीसुद्धा गेली, उघडं प्लास्टर राहिलं. मग त्याने छन्नी पुसून गवंड्याला परत दिली आणि मला काखेत घेऊन चालू लागला. मुकेशकडे वळून पाहिलं नाही. आजपर्यंत पाहिलेलं नाही.

त्याला दोन वर्षं झाली. सुदाम आता ब्रशने दारं-खिडक्या रंगवतो. नवं नोजल बाजारात मिळतं. चांगुणा एकदा म्हणाली, "अहो, बसवून घ्या की." तो म्हणाला, "माझ्या हाताला सरळ भोक चालत नाही." ती खंडेनवमीला मला पुजते, अक्षता मात्र पाटावर ठेवते. भांड्यात घालत नाही. उशिरा का होईना, शिकली.

खरवईच्या गेटाजवळ तो उघडा चौकोन झाकायला वॉचमनने कॅलेंडर लावलंय म्हणे. वारा आला की ते उडतं.

माझ्या घशात ते तांदूळ अजून आहेत. मालात बसून त्यांचा दगड झाला आहे. कुणी कनवाळू निघालात तर तार घालून काढायला येऊ नका. नवं नोजल घेऊन तर येऊच नका. मी सुदामच्या हाताचा होतो आणि त्याच्याच खिळ्याला गंजणार आहे. सांगायचं ते सांगितलं. आता जा, आणि जाताना हात लावू नका.