दोन डोक्यांतला एक डाव

धरमपेठेतल्या त्या फ्लॅटमध्ये बुद्धिबळाचा पट होता, पण कपाटावरच्या ट्रंकेत. ट्रंक काढायला स्टूल हवं आणि स्टुलावर चढायला गुडघे. म्हणून विश्वनाथराव आणि अरुंधतीबाई तोंडीच खेळत. निवृत्तीनंतर नवराबायकोला लागलेलं हे खूळ. बाई फोडणी घालता घालता म्हणायच्या, "हत्ती चार घरं पुढे," आणि बाथरूममधून आवाज यायचा, "मग माझं प्यादं गेलं म्हण." एकेक डाव महिनामहिना चाले. जन्मभर शाळेत गणित शिकवलेल्या अरुंधतीबाईंना तर पंखच फुटले होते. भाजीवाल्याशी घासाघीस करतानाही त्यांच्या डोक्यात घोडे उधळलेले असत.

अलीकडे मात्र या मजेत खडा पडला. विश्वनाथराव मेलेला उंट चालवायला लागले. वजिराकडचा तो उंट बाईंनी गहू निवडता निवडता स्वतः मारला होता. तरी गृहस्थ बिनधास्त म्हणाले, "वजिराकडचा उंट, तिरपा, तीन घरं." बाईंना दीर आठवले. विश्वनाथरावांचे थोरले भाऊ आधी चष्मा विसरले होते, मग घराचा रस्ता, मग बायकोचं नाव. दुसऱ्या उंटाचं म्हणत असतील, अशी बाईंनी स्वतःची समजूत घातली, मनातला दुसरा उंट हलवला आणि पुढे खेळल्या. नंतर असं वारंवार व्हायला लागलं.

रविवारी सकाळी खालच्या मजल्यावरच्या इंदुताई संत्री घेऊन आल्या. काटोलला त्यांच्या घरचा संत्र्यांचा व्यापार, त्यामुळे हात सढळ आणि जीभ त्याहून सढळ. त्यांच्यासमोरच बाईंनी संत्रं सोलत जाहीर केलं, "वजीर तुमच्या राजासमोर. मात."

विश्वनाथराव खो खो हसले. "मात कसली? तिथे माझा उंट बसलाय. पुढच्या खेळीत तूच मरून राहिली आहेस."

"म्हंजे दोघंही जिंकून राहिले?" इंदुताई म्हणाल्या. "मंग मांडा ना पट. आमच्याकडं भाव जमला नाही तं माल खाली उतरवून पाहतात."

त्या स्वतःच स्टुलावर चढल्या आणि ट्रंक उतरवली. खरा पट विश्वनाथरावांनी बळकावला. बाईंनी वर्तमानपत्रावर चौकटी आखल्या. प्यादी शेंगदाण्यांची, घोडे लवंगांचे, उंट वेलदोड्यांचे आणि राजे म्हणून संत्र्याच्या दोन फोडी. आपापला डाव दोघांनी मांडला. एकाचा दुसऱ्याशी काडीचा मेळ नव्हता.

"यातला खरा कोणता वं?" इंदुताईंनी विचारलं.

"खरा डाव पटावर नसतोच," विश्वनाथरावांना चेव आला. "सोंगट्या जाळल्या तरी डाव उरतो. डाव म्हणजे दोघांची कबुली."

"अन् कबुलीच नाही, तं मंग तुम्ही दोघं इतके दिवस काय खेळून राहिले होते?"

अरुंधतीबाई मनाशी हिशेब करू लागल्या. खरंच की. इतके दिवस आपण आपल्या डोक्यातल्या एका विश्वनाथाशी खेळत होतो, आणि हे त्यांच्या डोक्यातल्या कुठल्याशा अरुंधतीशी. घरात चार माणसं खेळत होती आणि स्वयंपाक दोघांचाच. त्यांना हसू आवरेना.

विश्वनाथराव हसले नाहीत. "तुझा राजाकडचा घोडा कधीच मेलाय," ते हळूच म्हणाले. "तरी तू चालवत होतीस. मी दुसरा घोडा धरून चाललो."

"मग बोलला काहून नाही तुम्ही?" इंदुताईंनी विचारलं.

"घाबरलो," विश्वनाथराव म्हणाले. "विहंगला फोन केला. म्हटलं, पुण्याहून ये, आईला डॉक्टरकडे नेऊ. आणि तिला कळू देऊ नकोस."

"कधी केला?" बाईंनी विचारलं.

"मंगळवारी."

"मी सोमवारी केला. तुमच्यासाठी. आणि हेच सांगितलं."

बिचारा विहंग. दोघांना दिलेली शपथ पोटात धरून पोरगं आठवडाभर कसं जेवलं असेल देव जाणे. आधी इंदुताईंना हसू फुटलं, मग विश्वनाथरावांना, आणि बाई तर पोट धरून खुर्चीवरून घसरायच्या बेतात आल्या. इंदुताई डोळे पुसत खाली गेल्या. जाताना जिन्यात भेटेल त्याला सांगत गेल्या.

घर शांत झालं तशी बाईंनी विचारलं, "अहो, पण दोघांतल्या एकाचं तर चुकलंच ना?"

"चुकलंच."

"कोणाचं?"

दोघांनी दोन्ही डाव पुन्हा पाहिले. सुरुवातीपासून एकेक खेळी आठवून बघता आली असती. पण आठवणार कोण, आणि ती खरी ठरवणार कोण? बाईंनी वर्तमानपत्राची चारही टोकं उचलली आणि सगळा डाव वाटीत ओतला. विश्वनाथरावांनीही पट मिटला, पण ट्रंकेत ठेवला नाही, टेबलावरच ठेवला.

"नवा मांडू," बाई उठून स्वयंपाकघराकडे वळल्या. "आधी तुम्ही."

"राजापुढचं प्यादं, दोन घरं."

कुकर लावता लावता त्या थांबल्या आणि नवऱ्याची खेळी ऐकू जाईल अशा आवाजात परत म्हणाल्या, "राजापुढचं प्यादं, दोन घरं. माझंही तेच."

"तुझंही तेच," बाहेरून उत्तर आलं.