आजोबांच्या जागी कोण?

पीएचडीचा प्रबंध लिहून हातावेगळा झाला, तरी सर आजोबांना सोडायचं नाव घेईनात. आजोबा म्हणजे कम्प्युटर विभागातला सगळ्यात जुना विद्यार्थी. हे नाव नव्या पोरांनी ठेवलेलं. प्रयोगशाळेतला सर्व्हर एक नंबरचा हट्टी होता. दर दोन दिवसांनी रुसायचा, आणि फक्त आजोबांच्याच हातून चालू व्हायचा.

"तुझ्या जागी कुणी मिळू दे, मग खुशाल जा," सर म्हणाले.

म्हणून यंदा प्रवेशाच्या मुलाखती घ्यायला आजोबा जातीने बसले. बाकीचे प्राध्यापक अल्गोरिदम विचारून मुलांना घाम फोडत होते. आजोबांचा प्रश्न एकच होता. "सर्व्हर बंद पडलाय आणि सर डोक्यावर उभे आहेत. काय कराल?"

एकजण म्हणाला, लॉग तपासीन. दुसरा म्हणाला, नवा सर्व्हर मागवीन. त्याच्याकडे सरांनी असं पाहिलं की बिचारा फाइल तिथेच विसरून पळाला.

शेवटी एक मुलगी आली. "आधी सरांना चहाला पाठवीन," ती म्हणाली, "मग सर्व्हरच्या बरगडीत एक सणसणीत ठेवून देईन."

"कुठल्या बाजूला?" आजोबा खुर्चीतून पुढे सरसावले.

"पंखा घरघरतो त्या."

आजोबांच्या डोळ्यांत पाणीच आलं. सरही खूश! त्यांनी तिथल्या तिथे तिचा प्रवेश पक्का केला आणि आजोबांच्या पाठीवर थाप मारली.

"झकास झालं. आता तुम्ही दोघं आहात, तर माळ्यावरचा दुसरा सर्व्हरही खाली काढू."